आडनाव एक, गावकुसे दोन

१

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले नीरा नदीच्या काठचे गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो. वर बारामती, खाली नीरा-भीमेचा संगम, मध्ये कालव्याने भिजलेला ऊस आणि त्या उसाला लागूनच कोरडा माळ, असा हा मुलूख आहे. या पट्ट्यातल्या कोणत्याही गावातली एक शाळा क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. गुरुजी हजेरी घेत आहेत. ते 'पवार' असे म्हणतात आणि एकाऐवजी तीन पोरे उभी राहतात. एकाचे घर वेशीच्या आत, चावडीजवळ आहे. दुसऱ्याचे वेशीबाहेर, ज्या वस्तीला पूर्वी महारवाडा म्हणत आणि आता दुसरे नाव लावतात, तिथे आहे. तिसऱ्याला घर नाहीच. त्याच्या बापाचे पाल माळावर पडले आहे. गुरुजींना पुढचे नाव घेतल्यावाचून यातला एकही पवार ओळखता येत नाही. गावाला मात्र पुढचे नाव लागत नाही. गाव तिघांनाही बरोबर ओळखून असते.

हे आडनाव देशाच्या राजकारणात सर्वतोमुखी झाले ते बारामतीमुळे. शरद पवार १९६७ साली बारामतीतून विधानसभेवर गेले, १९७८ साली मुख्यमंत्री झाले, १९९१ साली देशाचे संरक्षणमंत्री झाले आणि २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. १९९९ साली त्यांनी आपला वेगळा पक्ष काढला व २०२३ साली तो फुटला. २०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात, ज्यात इंदापूर तालुकाही येतो, दोन्ही प्रमुख उमेदवार त्याच एका घरातल्या होत्या. तेव्हा 'पवार' म्हटले की दिल्लीत, कलकत्त्यात, मद्रासेत एकच घर डोळ्यांपुढे उभे राहते. प्रस्तुत लेख त्या घराविषयी नाही. तो त्या आडनावाविषयी आहे आणि ते आडनाव ज्यांनी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिले, पण ज्यांच्याकडे इतिहासाने मान वळवून पाहिले नाही, त्यांच्याविषयी आहे.

प्रश्न साधा आहे. गावकुसाच्या आत जे आडनाव आहे तेच गावकुसाबाहेर कसे? आणि ते तसे असेल, तर मधले गावकूस कोणी घातले?

२

पवार हे आडनाव परमार या नावापासून आले असे इतिहासकार सांगत आले आहेत. परमार हे माळव्याचे राजघराणे. अकराव्या शतकातला धारचा राजा भोज याच घराण्यातला. पुढे अठराव्या शतकात मराठ्यांनी माळवा घेतला तेव्हा धार आणि देवास येथे जी संस्थाने उभी राहिली ती पवारांचीच. उदाजी पवार हे त्यांतले अग्रणी. यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. ज्या धारेवर सातशे वर्षांपूर्वी परमारांचे राज्य होते तिथे दक्षिणेतले पवार परत गेले, असा या घटनेचा अर्थ लावला गेला आणि तो बखरकारांना व भाटांना फार आवडला.

नीरेच्या पलीकडे फलटण आहे. तिथले निंबाळकर घराणेही आपले मूळ परमारांतच सांगते. निंबळक या गावावरून ते निंबाळकर झाले. म्हणजे कूळ पवारांचे आणि आडनाव गावाचे. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. कूळ वेगळे आणि आडनाव वेगळे. कूळ हे सोयरिकीसाठी असते; एका कुळात लग्न होत नाही, देवक पाहिले जाते. आडनाव हे व्यवहारासाठी असते. ते गावावरून पडते, हुद्द्यावरून पडते, कधी एखाद्या पराक्रमावरून तर कधी एखाद्या फजितीवरून पडते. काही घरांत कुळाचे नाव हेच आडनाव होऊन बसते. पवार हे अशा नावांपैकी आहे. जाधव, मोरे, चव्हाण, शिंदे हीही तशीच.

आता याच नावाचा दुसरा विस्तार पाहावा. पवार मराठ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत. महारांत आहेत, मांगांत आहेत, चांभारांत आहेत. बंजाऱ्यांच्या तांड्यावर राठोड, चव्हाण यांच्याबरोबर पवार आहेत. पारध्यांच्या पालात काळे, भोसले यांच्याबरोबर पवार आहेत. विदर्भाच्या पूर्वेस भंडारा-गोंदियाकडे तर पोवार नावाची एक सबंध शेतकरी जातच आहे आणि तीही आपला माग धारेपर्यंत नेते. गढवालच्या डोंगरात पंवार राजे होऊन गेले. एवढा मोठा पसारा असलेले नाव एका घराचे, एका जातीचे, एका तालुक्याचे कसे म्हणता येईल?

तरीही धारच्या पवारांचा इतिहास लिहिला गेला आणि पालातल्या पवारांचा लिहिला गेला नाही. इतिहास त्यांना नव्हता म्हणून हे घडले, असे समजण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे दप्तर होते त्याचा इतिहास लिहिला गेला, एवढेच.

३

जुन्या मराठी कागदांत माणसाची ओळख कशी लिहीत ते पाहिले म्हणजे हा भेद उघड होतो. वतनदाराचे नाव, 'बिन' घालून बापाचे नाव, मग आडनाव आणि मग 'मोकदम मौजे अमुक' असा थाट असे. वतन वंशपरंपरेने चालायचे, त्यावर भाऊबंदांचे तंटे व्हायचे, म्हणून वतनदाराला आडनावाची गरज होती. आडनाव म्हणजे मालमत्तेचा पुरावा होता. महाराच्या नावापुढे मात्र आडनाव क्वचित येते. त्याच्या नावातच 'नाक' हा प्रत्यय जोडलेला असतो. सिदनाक, रायनाक, भीकनाक असे नाव उच्चारले की जात उच्चारली गेली. मग आडनाव कशाला? कुलकर्ण्याच्या दप्तरात त्याची नोंद करण्यास तेवढे पुरत असे.

भीमा-कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. एकोणपन्नास मृतांपैकी बावीस नावे 'नाक' या अक्षरांनी संपतात. ते महार होते हे आपण आज त्या दोन अक्षरांवरूनच ओळखतो. या बावीस जणांपैकी कोणी पवार असेल, कोणी जाधव, कोणी गायकवाड. पण दगडावर ते आलेले नाही. मरणानंतरही त्यांच्या नावापुढे कूळ आले नाही, जात आली. हा सन्मानाचा स्तंभ आहे आणि तो आपल्या अस्मितेचे स्थान झालेला आहे. तरीही त्याच्याकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

यातला उपरोध असा की, दोन गावांत शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष निर्णायक मानली जात असे. शीव कुठून कुठे जाते हे त्यालाच ठाऊक. पाटलाची जमीन त्याच्या शब्दावर ठरे, गावाची हद्द त्याच्या पावलावर ठरे. ज्याच्या शब्दाने दुसऱ्यांच्या नावावर रान लागत होते, त्याचे स्वतःचे नाव मात्र अर्धेच लिहिले जाई.

इंदापूर तालुक्याला या बाबतीत एक वेगळे महत्त्व आहे. मुंबई इलाख्यातली जी प्रसिद्ध जमीन-मोजणी, तिचा पाया याच तालुक्यात घातला गेला. प्रिंगल याची आधीची आकारणी इतकी जड झाली की रयत रान टाकून परागंदा झाली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात नव्याने मोजणी केली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षे कायम ठेवला. शेताला नंबर मिळाला, हद्दीला दगड मिळाला, खात्याला नाव मिळाले. पुढे सगळ्या इलाख्यात हीच पद्धत गेली. आज आपण ज्या सात-बाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारी उभे राहतो, त्याचे मूळ शोधत गेलो तर इंदापूरच्या काळ्या रानात येऊन पोचतो.

या नव्या कागदात महार कुठे आला? तो हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यात आला. वतनाची ही जमीन त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हती. सगळ्या महारकीची मिळून होती आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस गावकी-सरकारी राबणूक होती. म्हणजे कुणब्याला नव्या राजवटीत 'खातेदार' ही व्यक्ती म्हणून ओळख मिळाली आणि महाराला मात्र जात म्हणूनच जमीन चिकटलेली राहिली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले ते याच बेडीविरुद्ध. ती बेडी कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडावे लागले.

४

मग महाराचे आडनाव कागदावर आले कधी? ते गाव सोडल्यावर आले. पलटणीत, गोदीत, गिरणीत, रेल्वेत आणि शाळेत आले. गावात 'नाक' पुरत होते. मुंबईच्या गिरणीतल्या मस्टरवर चार सिदनाक निघाले की पाचवी खूण लागते. शाळेच्या दाखल्यावर रकाना असतो आणि रकाना भरावा लागतो. तेव्हा घरात, सोयरिकीत, देवकात जे कूळ जपून ठेवले होते ते बाहेर आले. कोणी कुळाचे नाव दिले, तो पवार झाला. कोणी गावाचे नाव दिले, तो अमुक गावकर झाला.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे. फलटणचा सरदार निंबळकावरून निंबाळकर होतो आणि सुभेदाराचा मुलगा आंबडव्यावरून आंबेडकर होतो. रीत एकच आहे. फरक एवढाच की पहिल्याच्या नावामागे गढी होती आणि दुसऱ्याने आपल्या नावामागे एक सबंध समाज उभा केला.

आता गावकुसाबाहेरच्या पवारांविषयी सवर्ण समाजात एक उत्तर तयार असते. 'ते आमच्या वाड्यावर होते, म्हणून आमचे नाव लावू लागले.' हे उत्तर आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. काही ठिकाणी तसे घडलेही असेल. धन्याच्या पथकाच्या नावाने शिपाई ओळखला जावा यात अशक्य असे काही नाही. परंतु हे उत्तर नेहमी एकाच दिशेने का दिले जाते? वेशीच्या आतले नाव अस्सल आणि बाहेरचे उसने, हे कशावरून ठरले? उसने नाव अंगरख्यासारखे असते, ते व्यवहारापुरते घालतात. महारांत मात्र कूळ हे व्यवहारापुरते नव्हते, ते लग्नाच्या आड येत होते. पवाराने पवारात सोयरीक करायची नाही हा नियम तिथेही होता. धन्याची चाकरी सुटली तरी हा नियम सुटत नव्हता. ज्याला कोणी पाहत नाही, ज्याचा कागदावर काही उपयोग नाही, ज्याने मानमरातब वाढत नाही, असे उसने नाव एखादा समाज आपल्या लग्नाच्या बोहल्यापर्यंत कशासाठी नेईल?

म्हणून मला वाटते, पुराव्याचा काटा दोघांनाही सारखाच लावला पाहिजे. निरवांगीच्या वेशीबाहेरचा पवार भोज राजाचा वंशज आहे हे सिद्ध करता येत नाही, हे खरे. पण वेशीच्या आतला पवार तरी ते कशाने सिद्ध करणार? दोघांपाशीही नावाखेरीज काही नाही. एकाच्या नावाला परंपरा म्हणायचे आणि दुसऱ्याच्या नावाला नक्कल म्हणायचे, ही इतिहासाची रीत नव्हे. ही जातीची रीत आहे.

५

या प्रश्नाला आपल्याकडे तीन वेगवेगळ्या काळी तीन वेगवेगळी उत्तरे दिली गेली. ती क्रमाने पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर जोतीराव फुल्यांचे. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्यांनी शूद्र आणि अतिशूद्र हे मूळचे एकच, याच भूमीचे क्षत्रिय, असे मांडले. जे परशुरामाशी अखेरपर्यंत लढले त्यांना जिंकणाऱ्यांनी सर्वांत खाली टाकले. महार म्हणजे 'महाअरी', मोठा शत्रू, अशी त्यांनी व्युत्पत्ती लावली. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. पण तिच्यातला विचार क्रांतिकारक होता. अस्पृश्यता ही पापाची शिक्षा नसून पराभवाची शिक्षा आहे, असे तो म्हणत होता. आणि पराभव उलटवता येतो.

दुसरे उत्तर गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांच्या पिढीचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा वलंगकरांनी अर्ज तयार केला आणि आम्हीही मूळचे क्षत्रिय आहोत, असे सरकारला सांगितले. १९१० साली कांबळ्यांनीही सरकारकडे अर्ज पाठवून लष्कराची व पोलिसांतली नोकरी मागितली. लष्करी परंपरा, कुळांची नावे, पराक्रम हे सगळे या काळात पुढे केले गेले. ते त्या वेळी आवश्यक होते. पण या उत्तरात एक अडचण दडलेली होती. 'आम्हीही क्षत्रिय' असे म्हटले की क्षत्रिय हे मोठे असतात हे आपोआप कबूल होते. आणि मग जो क्षत्रिय ठरणार नाही त्याचे काय?

तिसरे उत्तर बाबासाहेबांचे. १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण' या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धांत खोडून काढला. त्यासाठी त्यांनी जे पुरावे दिले त्यांत महाराष्ट्रातल्या मराठ्यांची आणि महारांची कुळे हा एक होता. एकात नाही असे कूळ दुसऱ्यात जवळजवळ सापडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ध्यानात घ्या, त्यांनी या साम्यावरून 'म्हणून आम्हाला मराठा म्हणा' असे म्हटले नाही. त्यांनी एवढेच म्हटले की वंश एक आहे, तेव्हा अस्पृश्यतेचे कारण रक्तात शोधू नका. ते धर्मात, इतिहासात आणि सत्तेत शोधा. पराभूत होऊन विखुरलेल्या टोळ्यांची माणसे गावाच्या राखणीसाठी गावाबाहेर वसली आणि बौद्ध धर्माशी एकनिष्ठ राहिल्यामुळे पुढे अस्पृश्य ठरली, असा त्यांचा सिद्धांत आहे.

हा सिद्धांत वाचताना अभ्यासकाने एक प्रश्न धीटपणे विचारला पाहिजे. गावातली माणसे एका टोळीची आणि वेशीबाहेरची दुसऱ्या टोळीची असतील, तर एकाच गावात आतबाहेर एकच कूळ सापडू नये. सबंध महाराष्ट्रात कुळे सामाईक असणे वेगळे आणि एका गावात ती सामाईक असणे वेगळे. ते जर सापडले तर सिद्धांताला पुरवणी जोडावी लागेल. न सापडले तर त्याला बळकटी येईल. बाबासाहेबांचा सिद्धांत तपासून पाहणे म्हणजे त्यांचा अधिक्षेप करणे नव्हे. त्यांनी स्वतःच तो अंतिम सत्य म्हणून मांडला नव्हता, पुराव्याने तपासावयाचे अनुमान म्हणून मांडला होता. हे काम पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात होणार नाही. ते निरवांगीत, निमसाखरात, काटेवाडीत, सुप्यात होईल. ज्यांना वेशीच्या आतही बोलता येते आणि बाहेरही, असे शिक्षक आणि विद्यार्थीच ते करू शकतील. घरटी आडनाव, कूळ, देवक, आजीचे माहेर, एवढे चार रकाने पुरेत.

६

येथवर महार पवारांविषयी बोललो. पण पालातल्या तिसऱ्या पोराला विसरलो तर आपणही त्याच दप्तराचे वारस ठरू. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो अधिक कडक करीत नेला. पारधी, कैकाडी, अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. त्यांची नावे नोंदली गेली, पण ती पोलिसांच्या हजेरीपटावर. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. संशय रद्द झाला नाही.

पवार हे आडनाव पारध्याला गावात जागा मिळवून देत नाही. चोरी झाली की मात्र पोलिसांना ते नेमके सापडते. कागदाची गंमत पाहा. वतनदार पवाराचे नाव महजरावर, महार पवाराचे गिरणीच्या मस्टरवर आणि पारधी पवाराचे ठाण्याच्या वहीवर. आज त्याच पारध्याला जातीचा दाखला काढायचा म्हटले की कार्यालय जुना पुरावा मागते. अनुसूचित जातीसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१, अशा तारखा ठरलेल्या आहेत. त्यापूर्वी बापजाद्यांचे वास्तव्य कुठे होते ते दाखवा, शाळेचा दाखला आणा, असे सांगितले जाते. ज्याच्या बापजाद्यांना कोणत्याच गावाने एका जागी तीन रात्री टेकू दिले नाही, त्याने वास्तव्याचा पुरावा आणायचा कुठून?

७

१९७८ हे साल या आडनावाच्या इतिहासात विलक्षण आहे. त्या वर्षी जुलैत बारामतीचे पवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या एका पवाराचे पुस्तक आले. पुस्तकाचे नाव 'बलुतं' आणि पवाराचे नाव दगडू मारुती, म्हणजे आपले दया पवार. आडनाव तेच, पण एकाच्या मागे सहकारी साखरेचा पट्टा होता आणि दुसऱ्याच्या मागे कावाखान्यातली खोली. त्याआधी सहा वर्षे, १९७२ साली, नामदेव ढसाळांबरोबर दलित पँथर उभी करणारे ज. वि. हेही पवारच. मराठी साहित्याला आणि चळवळीला हे आडनाव असे वेगळ्याच वाटेने माहीत झाले.

आणि त्याच १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. पोचीराम कांबळे यांना जाळून मारले. नाव द्यायला सोळा वर्षे लागली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवारच होते. त्याच्या दोनच महिने आधी नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते. ज्या राज्यात एका विद्यापीठाच्या पाटीवर एक नाव चढायला सोळा वर्षे लागतात, त्या राज्यात 'नावात काय आहे' असे कोणी म्हणू नये.

८

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण देव टाकले, देवके टाकली. पोरांची नावे बदलली. दगडू, कचरू, धोंडू ही नावे गेली. सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता आली. दगडू-धोंडू ही नावे नजर लागू नये म्हणून वरच्या जातींतही ठेवत. पण तिथे पोर मोठे झाले की त्याला 'राव' जोडले जाई, इथे आयुष्यभर तेच तुच्छतेने हाक मारण्यास वापरले जाई. हे सगळे बदलले. आडनाव मात्र राहिले. कुणी शासकीय राजपत्रात जाहिरात देऊन ते बदलले, बहुतेकांनी ठेवले.

या ठेवलेल्या आडनावाचा शहरात एक चमत्कारिक अनुभव येतो. कांबळे किंवा वाघमारे असा माणूस भाड्याने खोली पाहायला गेला तर त्याला फारसे विचारीत नाहीत. खोली कालच गेली असे सांगतात. पवार गेला तर त्याला बसायला खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि मग प्रश्न येतो, 'कुठले पवार?' तो तालुका सांगतो. 'बारामतीच्या पवारांपैकी का?' तो नाही म्हणतो. 'मग पाहुणे कुठले तुमचे?' हा प्रश्न पाहुण्यांची चौकशी करण्यासाठी नसतो. चहाचा कप आता कुठे ठेवायचा, हे ठरवण्यासाठी तो असतो. गावाला वेस होती तेव्हा दगडाची होती. शहरात ती या दोन शब्दांच्या प्रश्नात येऊन बसली आहे.

२०२० सालच्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे आवश्यक झाले. हे दोन्ही निर्णय चांगले आहेत. ज्या आयांनी पाटीत पोर निजवून उसाच्या सऱ्या वाहिल्या त्यांचे नाव कधी कोणत्या दप्तरात आले नव्हते. ते आता येईल. पण पाटी बदलल्याने वस्ती गावात येत नाही, हेही आपण जाणतो. पाटीपासून चावडीपर्यंतचे अंतर तेवढेच राहते.

म्हणून आडनावाच्या या इतिहासातून काय घ्यायचे ते स्पष्ट असू द्यावे. आपले आडनाव मोठ्या घराशी जुळते म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. ती वलंगकरांच्या अर्जातली वाट होती. तिचे काम झाले. आणि जुळते म्हणून लाजण्याचेही कारण नाही. ते कोणी भीक म्हणून घातलेले नाही. या साम्याचा अर्थ एकच आहे. गावकूस निसर्गाने घातलेले नाही. ते माणसांनी, दप्तरांनी, धर्मशास्त्रांनी रचलेले आहे. जे एका नावाच्या माणसांच्या मधून जाते ते कूस रक्ताचे असूच शकत नाही.

निरवांगीच्या शाळेत उद्या पुन्हा हजेरी होईल. गुरुजी 'पवार' म्हणतील आणि तीन पोरे उभी राहतील. त्या तिघांना आपल्या नावाचा हा इतिहास कोणी सांगेल काय? सांगायचा झाला तर तिघांना एकत्र बसवून सांगावा लागेल. तसे बसवणे हेच खरे अवघड काम आहे आणि ते इतिहासकाराचे एकट्याचे नव्हे.